चिनी ट्रायड टोळ्या: उगम, प्रसार आणि आजचं रूप (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हाँगकाँगचे सिनेमे, मकावचे कॅसिनो आणि आता म्यानमारमधल्या सायबर अड्ड्यांच्या बातम्या. या तिन्हींमुळे हे प्रश्न येतच राहतात. सोपे आधी घेतले आहेत, गुंत्याचे नंतर. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे तसा क्रमांक दिला आहे.

१. ट्रायड म्हणजे नेमकं काय? ही एकच मोठी टोळी आहे का?

नाही. अठराव्या शतकात दक्षिण चीनमध्ये गुप्त बंधुमंडळांची एक परंपरा सुरू झाली. स्वर्ग, पृथ्वी आणि मानव या त्रयीवरून इंग्रजांनी तिला ट्रायड म्हटलं. आतले लोक स्वतःला होंगमेनचे, म्हणजे होंग घराण्याचे म्हणवतात. एक शपथविधी, एक दंतकथा, परवलीचे शब्द आणि पदांचे आकडे एवढं सगळ्यांचं सामाईक. या सगळ्याचा मालक मात्र कुणीच नाही.

फक्त रचनेपुरतं बोलायचं तर आपल्याकडची गणेश मंडळं आठवा. आरत्या त्याच, विधी तोच, पण प्रत्येकाची वर्गणी वेगळी, कार्यकारिणी वेगळी, आणि एकाच रस्त्यावरच्या दोन मंडळांचं वाकडं असू शकतं. सगळ्यांचं मिळून मुख्यालय कुठेच नाही. १४के, सुन यी ऑन, वो शिंग वो ही हाँगकाँगमधली प्रसिद्ध नावं तशीच एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. एकेका नावाखालीसुद्धा डझनभर ‘दाय लो’, म्हणजे थोरले भाऊ, आपापल्या गल्लीत आपापला धंदा चालवतात आणि वरून हुकूम येण्याची वाट पाहत नाहीत. ‘ट्रायडचा जागतिक प्रमुख कोण?’ असं बरेच जण विचारतात. तसं पदच नाही.

२. सुरुवात कधी आणि कुठे झाली?

बहुतेक अभ्यासक आज जे मानतात ते असं: १७६१-६२च्या सुमारास फुजियान प्रांतातल्या झांगझोउ भागात, गाओशी इथल्या ग्वानयिन या करुणेच्या देवीच्या देवळात, तीशी नावाच्या भिक्षूने तिआनदीहुई स्थापन केली. नावाचा अर्थ स्वर्ग-पृथ्वी मंडळ. फुजियानमध्ये त्या काळी जमीन थोडी, माणसं फार आणि कुळाकुळांतल्या सशस्त्र मारामाऱ्या नेहमीच्या. ज्याच्या पाठीशी मोठं कुळ नाही त्याला कुणी वाली नव्हता. अशा माणसांनी शपथ घेऊन भाऊ व्हायचं, ही रीत तिथे आधीपासूनच होती. तीशीने तिला नाव आणि विधी दिला.

बीजिंग दरबाराला या मंडळाचा पत्ता लागला तो पंचवीसेक वर्षांनी. १७८७-८८ मध्ये तैवानात लिन श्वांगवेनचं बंड झालं आणि पकडलेल्यांच्या जबान्यांतून हे नाव बाहेर आलं. तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या मांचूंच्या छिंग दरबाराने १७९२ मध्ये तिआनदीहुईचं नाव घेऊन कायदाच केला, मृत्युदंडाचा. त्या जबान्या दफ्तरात राहिल्या, म्हणून आज आपल्याला एवढं तरी ठाऊक आहे.

३. शाओलिन मठ जाळला गेला आणि पाच भिक्षू वाचले, त्यांनी ट्रायड स्थापन केली असं वाचलंय. ते खोटं?

इतिहास म्हणून खोटं, श्रद्धा म्हणून फार खरं. कथा अशी: शाओलिनच्या १२८ भिक्षूंनी सम्राट कांगशीला परकी आक्रमकांविरुद्ध मदत केली. पुढे दरबाराने कपटाने मठ जाळला. वाचलेल्या पाच भिक्षूंनी ‘छिंग उलथवा, मिंग (त्याआधीचा चिनी राजवंश) परत आणा’ अशी शपथ घेतली.

तिआनदीहुईच्या सुरुवातीच्या जबान्यांमध्ये ही कथा अशा भरीव रूपात येत नाही. ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या हस्तलिखितांत हळूहळू फुगत जाते आणि जितकी उशिराची प्रत तितके तपशील जास्त. विसाव्या शतकात राष्ट्रवाद्यांना ती सोयीची वाटली, कारण टोळीवाल्यांचे मांचूविरोधी देशभक्त होत होते. माझ्या मते या कथेने टोळ्यांची जेवढी सोय केली तेवढी दुसऱ्या कशानेच केली नाही. खंडणी मागणाऱ्याला त्यातून वंशावळ मिळाली.

४. पण साध्या कष्टकऱ्याने अशा मंडळात का जावं?

याचं उत्तर आपल्याला यान यान या कापडविक्याकडून मिळतं. हा १७८३ मध्ये फुजियानहून तैवानला कापड विकायला गेला आणि सोबत हे मंडळ घेऊन गेला. लिन श्वांगवेनला शपथ देणारा हाच. १७८८ मध्ये पकडल्यावर त्याने जी कारणं सांगितली त्यांत मिंग राजवंशाचा पत्ता नाही. लग्नात किंवा मयतीत पैशाची मदत होते. कुणाशी हाणामारी झाली तर भाऊ धावून येतात. रस्त्यात दरोडेखोरांनी अडवलं आणि ते आपल्याच मंडळाचे निघाले, तर खूण ओळखून सोडून देतात. आणि शेवटचं: तुम्ही पुढे कुणाला दीक्षा दिली तर तो तुम्हाला पैसे देतो.

हे चौथं कारण नजरेआड करू नका. दीक्षा विकता येत होती. एखादा भटका विक्रेता, वैदू किंवा भिक्षू परवलीचे शब्द शिकायचा, पुढच्या गावात गाठीला पैसे घेऊन मंडळ काढायचा आणि निघून जायचा. मुख्यालय नसताना ही गोष्ट दोन पिढ्यांत फुजियानपासून ग्वांगडोंग, ग्वांगशी, जियांगशीपर्यंत पोचली, त्याचं कारण बंडाची आग नव्हे. प्रत्येक नव्या सदस्याला पुढचा सदस्य आणण्यात फायदा होता.

खूण कशी असायची? चहा किंवा तंबाखू घेताना तीन बोटांनी घ्यायची, एवढीच. बाजारात ती कुणाच्या लक्षातही येत नसे.

५. दीक्षाविधीत खरंच रक्त पितात का?

जुन्या विधीत पितात. उमेदवार अनवाणी, परस्परांना टेकवलेल्या तलवारींच्या कमानीखालून वाकून जातो. वेदीवर धूप, तांदळाने भरलेलं लाकडी माप, त्यात रोवलेली निशाणं. छत्तीस शपथा वाचल्या जातात. भावाच्या कुटुंबाला आसरा देईन, भावाची चुगली करणार नाही, मोडलं तर पाच विजा पडून किंवा तलवारींचे वार होऊन मरेन, अशा धर्तीच्या. कोंबड्याचं मुंडकं उडवतात, की विश्वासघात केलास तर तुझं असं होईल. नावं आणि शपथा लिहिलेला पिवळा कागद जाळून त्याची राख दारूत मिसळतात, बोटाला टोचून रक्ताचे थेंब त्यात टाकतात, प्याला सगळ्यांत फिरतो आणि मग फोडून टाकतात.

पूर्वी हे रात्रभर चालायचं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाँगकाँग पोलिसांनी छापे वाढवले तसा विधी आखडत गेला. आता बहुतेक पोरं फक्त ‘निळा कंदील टांगतात’. म्हणजे थोरल्या भावाला लाल पाकिटात ठरावीक रक्कम द्यायची, तो ‘आजपासून तू माझा’ म्हणतो, झालं. पूर्ण दीक्षा झालेली नसते, पण धंद्यापुरतं तेवढं पुरतं.

६. ४८९, ४२६, ४९ हे आकडे कसले?

पदांचे. ४८९ म्हणजे ड्रॅगनमुख, सर्वांत वरचा. ४३८ हा आकडा उपप्रमुख आणि विधी चालवणारा धूपगुरू अशा वरच्या पदांना मिळून आहे. ४२६ लाल सोटा, म्हणजे मारामारीचा म्होरक्या. ४१५ पांढरा पंखा, हिशेब आणि सल्ला पाहणारा. ४३२ गवती चप्पल, निरोप्या आणि मध्यस्थ. ४९ साधा सदस्य: चार गुणिले नऊ छत्तीस, म्हणजे प्रश्न ५मधल्या छत्तीस शपथा घेतलेला. सिनेमात ही उतरंड लष्करासारखी दाखवतात. प्रत्यक्षात ४२६ झालेल्या माणसाची ताकद त्याच्याभोवती किती पोरं आहेत आणि किती रस्ते त्याच्याकडे आहेत यावर ठरते, आकड्यावर नव्हे.

७. चीनबाहेर या टोळ्या कशा पसरल्या?

मजुरांबरोबर. एकोणिसाव्या शतकात ग्वांगडोंग आणि फुजियानमधून लाखो माणसं मलायातल्या कथील खाणींत, सिंगापूरच्या धक्क्यावर, बोर्निओत, कॅलिफोर्निया आणि व्हिक्टोरियाच्या सोन्याच्या खाणींत गेली. तिथे ना कुळ, ना गाव, ना त्यांची भाषा कळणारा न्यायाधीश. बोटीतून उतरणाऱ्याला राहायला जागा, काम आणि मेल्यावर पुरायला माणसं लागत. हे सगळं मंडळ पुरवत असे आणि त्याची किंमतही मंडळच ठरवत असे. त्यात दुसरी लाट बंडखोरांची. १८५३-५५ मध्ये शांघाय शहर ताब्यात ठेवणारी छोट्या तलवारींची संघटना आणि १८५४ पासूनचं ग्वांगडोंगचं लाल फेट्यांचं बंड चिरडल्यावर जे वाचले ते समुद्रापार पळाले.

मलायाची हकिगत सर्वांत बोलकी आहे. पेराकमधल्या लारुतच्या कथील खाणींवर हाय सान (मुख्यतः हक्का) आणि घी हिन (मुख्यतः कँटोनीज) या दोन मंडळांत १८६१ पासून तेरा वर्षं अधूनमधून युद्धच चाललं. खाणीला पाणी कोण नेणार, जुगार-अफूचा मक्ता कुणाचा, यावरून. स्थानिक सुलतानपदाचे दावेदारही त्यात ओढले गेले. इंग्रजांनी २० जानेवारी १८७४ला पांकोरचा करार घडवला आणि त्या निमित्ताने पेराकमध्ये स्वतःचा रेसिडेंट बसवला. हाय सानचा प्रमुख चुंग केंग क्वी याने समझोत्यावर सही केली आणि तो सरकारमान्य चिनी कापितान झाला! टोळीप्रमुख आणि सरकारचा मानकरी एकाच माणसात.

पेनांगमध्ये ऑगस्ट १८६७ मध्ये दहा दिवस दंगल झाली, त्यात एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांना माहीत नसते. घी हिनच्या बाजूने ‘पांढरा झेंडा’ आणि विरुद्ध बाजूने ‘लाल झेंडा’ ही मंडळं लढली. मोहरमच्या मिरवणुकांशी नातं असलेल्या या मंडळांत मलय आणि भारतीय वंशाचे मुसलमान होते. चिनी टोळ्यांची भांडणं फक्त चिन्यांची होती असं समजू नका.

सिंगापुरात आधी नोंदणी, मग १८७७ मध्ये चिनी भाषा येणाऱ्या विल्यम पिकरिंगची ‘प्रोटेक्टर ऑफ चायनीज’ म्हणून नेमणूक असा मार्ग निघाला. १८८७ मध्ये त्याच्याच कचेरीत एकाने त्याच्यावर कुऱ्हाड फेकली. १८९० पासून गुप्त मंडळांवर सरसकट बंदी आली. मोठी मंडळं मोडली, त्यांच्या जागी लहान, विखुरलेल्या आणि जास्त हिंसक टोळ्या आल्या.

८. अमेरिकेतले ‘टोंग’ म्हणजे ट्रायडच ना?

टोंग म्हणजे तिथल्या चिनी स्थलांतरितांची मंडळं. ट्रायडची नातेवाईक आहेत, तीच नव्हेत. सॅन फ्रान्सिस्कोचं ची कुंग टोंग थेट होंगमेन परंपरेतलं. हिप सिंग आणि ऑन लिओंग ही त्याच वळणावर उभी राहिलेली, पण स्थानिक मंडळं. १८८२च्या चिनी बहिष्कार कायद्याने मजुरांना बायकामुलं आणणं जवळपास अशक्य केलं. चायनाटाउन पुरुषांचं गाव झालं आणि वेश्यागृहं, जुगार, अफू यांवर टोंगांची युद्धं झाली. पुढे तरुण टोळ्या आल्या. ४ सप्टेंबर १९७७ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका हॉटेलात अशाच दोन टोळ्यांच्या वैरातून गोळीबार झाला. पाच मेले, अकरा जखमी, आणि मेलेल्यांपैकी एकही टोळीवाला नव्हता.

जुनी मंडळं आजही आहेत. बहुतेक ठिकाणी तिथे म्हातारे माहजोंग खेळतात. पण रेमंड चाओ हा ची कुंग टोंगचा ‘ड्रॅगनमुख’ २०१४ मध्ये पकडला गेला आणि २०१६ मध्ये खुनासह अनेक गुन्ह्यांत जन्मठेपेवर गेला. त्याच तपासात कॅलिफोर्नियाचा एक राज्य सिनेटरही अडकला.

९. अफूमुळे मुंबईचाही या इतिहासाशी संबंध येतो असं म्हणतात. कितपत खरं?

टोळ्यांशी थेट नाही, त्यांच्या भांडवलाशी मात्र पक्का. चीनला जाणारी भारतीय अफू दोन वाटांनी जायची. बिहार-बनारसची कंपनीच्या मक्त्याखाली कलकत्त्याहून, आणि माळव्याची, म्हणजे बहुतांशी शिंदे-होळकरांच्या मुलखातली, पश्चिम किनाऱ्यावरून. कंपनीने ही दुसरी वाट अडवून पाहिली, जमलं नाही. मग १८३०च्या दशकापासून परवाना-शुल्क घेऊन ती मुंबई बंदरातून सोडली. मुंबईतल्या पारशी, मारवाडी, गुजराती पेढ्या त्यावर मोठ्या झाल्या. सर जमशेटजी जिजीभॉय हे त्यातलं सर्वांत ठळक नाव. शांघायच्या बाजारात माळव्याच्या अफूलाच मोठी मागणी होती.

पेटी किनाऱ्याला लागल्यावर ती आत पोचवणं, राखणं आणि फोडून विकणं हे काम दलाल आणि टोळ्यांचं. मलाया आणि सिंगापूरमध्ये तर सरकारच अफूचा मक्ता लिलावात काढी, आणि मक्तेदाराला चोरटी अफू पकडायला लागणारी माणसं मंडळांतूनच मिळत. १९०७च्या करारानंतर भारतातून चीनला जाणारी अफू टप्प्याटप्प्याने बंद झाली. तेव्हा धंदा थांबला नाही, तो पूर्ण टोळ्यांच्या हातात गेला. त्याचं उदाहरण पुढच्याच उत्तरात आहे.

१०. शांघायची ‘ग्रीन गँग’ ही सर्वांत मोठी ट्रायड होती का?

सर्वांत मोठ्यांपैकी एक होती, पण ट्रायड नव्हती. छिंगबांग, म्हणजे हिरवी टोळी, ही ग्रँड कॅनॉलवरून उत्तरेला सरकारी धान्य वाहणाऱ्या नावाड्यांच्या संघटनेतून आली. तिच्यात शपथेचं भाऊपण नाही, गुरुशिष्यपरंपरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर कालव्याची धान्यवाहतूक ढासळली, नावाडी बेकार झाले आणि मिठाच्या, मग अफूच्या चोरट्या धंद्याला लागले.

१९२०च्या दशकात फ्रेंच वसाहतीत हुआंग जिनरोंग हा पोलिसांतला वरिष्ठ चिनी गुप्तहेर होता आणि टोळीचा म्होरक्याही. त्याच्या हाताखाली वर आलेला दू युएशेंग अफूची कंपनी चालवत होता. १२ एप्रिल १९२७ला राष्ट्रवादी पक्षाचा (कुओमिन्तांगचा) नेता च्यांग काय-शेकने शांघायमधल्या कम्युनिस्ट आणि कामगार संघटना मोडल्या, तेव्हा पुढे माणसं हिरव्या टोळीची होती. आदल्या रात्री कामगार नेता वांग शोउहुआ याला दूच्या घरी जेवायला बोलावून मारलं. दू पुढे बँकांच्या संचालक मंडळांवर बसला, रेड क्रॉसच्या कामातही दिसला, आणि १९५१ मध्ये हाँगकाँगला वारला. हुआंग शांघायलाच थांबला. नव्या राजवटीने त्याला त्याच्याच एका काळच्या करमणूक केंद्रासमोर रस्ता झाडायला लावला, त्याचा फोटो छापून आला.

११. मग हाँगकाँगच ट्रायडचं घर कसं झालं?

दोन कारणं: सीमा आणि पोलीस. इंग्रजांनी बेट घेतल्यावर चारच वर्षांत, १८४५ मध्ये, ट्रायडविरोधी कायदा केला. त्यात गालावर डाग देण्याची शिक्षाही होती, ती लवकरच बदलावी लागली. पण धक्क्यावरचे हमाल, फेरीवाले, आचारी, सगळ्यांना कामावर लावणारे मुकादम मंडळांचेच राहिले.

१९४९ मध्ये कम्युनिस्ट जिंकले आणि निर्वासितांबरोबर टोळ्यांचे म्होरकेही सीमा ओलांडून आले. १४के त्यातलीच. कुओमिन्तांगच्या कॉट सिऊ-वोंग या लष्करी अधिकाऱ्याने ग्वांगझूमध्ये ती कम्युनिस्टांविरुद्ध बांधली होती. ऑक्टोबर १९५६च्या कौलूनमधल्या दंगलीत, ज्यात सरकारी आकड्याने ५९ माणसं मेली, १४केचा हात मोठा होता.

आता पोलीस. साठच्या दशकात हाँगकाँगमध्ये मोठे चिनी सार्जंट जुगार आणि अफूच्या अड्ड्यांकडून हप्ता गोळा करत आणि वाटा वरपर्यंत पोचवत. लुई लॉक हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. लोक त्याला पन्नास कोटींचा सार्जंट म्हणत. १९७३ मध्ये पीटर गॉडबर हा इंग्रज वरिष्ठ अधिकारी चौकशी चालू असताना विमानतळावरून पळाला. त्याच्याकडे ४३ लाख हाँगकाँग डॉलरपेक्षा जास्त माया सापडली होती. लोक रस्त्यावर उतरले आणि १९७४ मध्ये आयसीएसी ही स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी संस्था आली. १९७७ मध्ये पोलिसांनीच तिच्याविरुद्ध बंड केलं आणि गव्हर्नरला जुन्या प्रकरणांवर पांघरूण घालावं लागलं. तरीही घाव बसला तो बसला. हप्त्याची साखळी तुटल्यावर टोळ्यांची जी पीछेहाट झाली ती नुसत्या धरपकडीने कधीच झाली नव्हती.

कौलूनच्या तटबंदी वस्तीबद्दल नेहमी विचारतात. १८९८च्या भाडेकरारात ती जागा चिनी अधिकाऱ्यांकडे राहिली. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी त्यांना हाकललं, पण कारभार कुणीच नीट केला नाही. पन्नास-साठच्या दशकात तिथे टोळ्यांचं राज्य होतं. सत्तरच्या दशकातल्या छाप्यांनंतर ती मुख्यतः स्वस्त दातांच्या डॉक्टरांची आणि माशांचे गोळे करणाऱ्या कारखान्यांची वस्ती उरली. १९९४पर्यंत ती पाडली, आता बाग आहे.

१२. चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत-सेन ट्रायडचे सदस्य होते हे खरं?

खरं. १९०४ मध्ये होनोलुलूत ते ची कुंग टोंगमध्ये गेले आणि त्यांना प्रश्न ६मधलं ‘लाल सोटा’ हे पद मिळालं. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत इमिग्रेशनने अडवलं तेव्हा याच मंडळाने जामीन भरून सोडवलं. कॅनडातल्या शाखांनी १९११च्या उठावासाठी आपल्या इमारती गहाण टाकल्या. १५ फेब्रुवारी १९१२ला, मांचू सम्राटाने गादी सोडल्यावर, सन नानजिंगला पहिल्या मिंग सम्राटाच्या समाधीपुढे जाऊन तसं जाहीर करून आले. म्हणजे जी घोषणा बहुतेकांसाठी नुसता मंत्र होती, ती एकाने खरी धरली.

याचं शेपूट आणखी गमतीचं आहे. ची कुंग टोंगमधून १९२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झीगोंग पक्ष निघाला. तो आज चीनमधल्या आठ मान्यताप्राप्त बिगर-कम्युनिस्ट पक्षांपैकी एक आहे, आणि त्याचे तेव्हाचे नेते वान गांग २००७ पासून अकरा वर्षं देशाचे विज्ञानमंत्री होते. त्यामुळे होंगमेन म्हटलं की गुन्हेगारच, असं समीकरण मांडता येत नाही.

१३. हाँगकाँगमध्ये नुसतं सदस्य असणं गुन्हा आहे का?

हो, आणि ‘मी सदस्य आहे’ असं म्हणणंही. एखाद्याने बारमध्ये बिल न देता ‘मी १४केचा’ अशी धमकी दिली, तर तो खरंच १४केचा आहे की नाही हे सिद्ध करायची गरज नाही. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड. पदाधिकाऱ्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. जी संस्था ट्रायडचे विधी, पदव्या किंवा नावं वापरते ती ट्रायडच मानली जाते. मंडळाची पुस्तकं, झेंडे, शिक्के जवळ बाळगणं हाही गुन्हा. पोलिसांतले जाणकार कोर्टात साक्ष देतात, की अमुक हस्तमुद्रा किंवा ओळ टोळीचीच आहे.

कारण प्रश्न १मध्ये आलंय: जिथे एक संघटना नाही, तिथे कायद्याने नाव आणि विधी यांवरच हात घातला. बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी १९८८ मध्ये सदस्यत्व सोडल्याचं जाहीर करण्याची सोय असलेलं न्यायाधिकरणही काढलं होतं.

१४. मकावच्या कॅसिनोंमध्ये ट्रायडचं काय काम?

मुख्य काम वसुलीचं. चीनमधून मोठी रक्कम बाहेर नेता येत नाही आणि जुगाराचं कर्ज चिनी कोर्टात वसूल होत नाही. म्हणून ‘जंकेट’ नावाचे मध्यस्थ श्रीमंत गिऱ्हाइकाला मकावमध्ये उधारीवर चिप्स देत आणि पैसे त्याच्या गावी वसूल करत. कोर्ट नसलेल्या उधारीला दंडेली लागते, तिथे टोळी येते. व्हीआयपी खोल्यांच्या ताब्यावरून १९९६ ते १९९९ रस्त्यावर खून पडले. १४केचा वान कुओक-कोय, टोपणनाव ‘तुटका दात’, १ मे १९९८ला पकडला गेला. त्याच दिवशी मकावच्या गुन्हे पोलीस प्रमुखाच्या गाडीत बॉम्ब फुटला होता. पंधरा वर्षांची शिक्षा झाली, डिसेंबर २०१२ मध्ये सुटला. त्याचं पुढचं प्रश्न १८मध्ये.

(गोवेकरांसाठी: मकावचा कारभार १८४४पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होता. पण हा कॅसिनो-इतिहास त्याच्या खूप नंतरचा आहे.)

१५. मुंबईच्या अंडरवर्ल्डशी किंवा जपानच्या याकुझाशी तुलना होईल का?

मुंबईच्या टोळ्या एका भाईभोवती उभ्या राहिल्या. भाई गेला किंवा पळाला की टोळी फुटते. ट्रायडमध्ये नाव टिकतं, माणसं बदलतात. मोक्कात, म्हणजे महाराष्ट्राच्या १९९९च्या कायद्यात, टोळीच्या सदस्याला शिक्षा आहे, पण आधी टोळीचे चालू गुन्हे दाखवावे लागतात. हाँगकाँगमध्ये नुसती बढाई पुरते. याकुझा उलट टोकाला: जपानमध्ये सदस्यत्व हाच गुन्हा नव्हे, अनेक वर्षं त्यांच्या कचेऱ्यांवर पाट्या होत्या.

१६. कम्युनिस्ट राजवटीने टोळ्या संपवल्या नव्हत्या का? आणि १९९७ नंतर हाँगकाँगमध्ये काय झालं?

१९५०च्या दशकात मुख्य भूमीवर जवळपास संपवल्याच होत्या. १९७८ नंतर बाजार खुला झाला, खेड्यांतून शहरांकडे माणसं निघाली आणि टोळ्या परत उगवल्या. या नव्या टोळ्या बहुतांशी स्थानिक, होंगमेन विधी नसलेल्या. २०१८ ते २०२० तिथे मोठी मोहीम झाली, तिच्यात पकडलेल्यांत टोळ्यांना पाठीशी घालणारे अधिकारीही होते.

हाँगकाँगबाबत बीजिंगची भाषा वेगळी होती. १९९३ मध्ये चीनचे सार्वजनिक सुरक्षामंत्री ताओ सिजू म्हणाले की ट्रायडमध्येही देशभक्त आहेत. तेव्हा गहजब झाला. २१ जुलै २०१९च्या रात्री युएन लाँग स्टेशनवर पांढऱ्या कपड्यांतल्या जमावाने निदर्शक आणि प्रवाशांना काठ्यांनी मारलं, पोलीस उशिरा पोचले, तेव्हा हे वाक्य लोकांना पुन्हा आठवलं. हल्लेखोरांत काहींची ट्रायड पार्श्वभूमी पोलिसांनीच सांगितली आणि काही जणांना शिक्षाही झाल्या.

१७. मग कुठल्या चिनी टोळीला ट्रायड म्हणू नये?

प्रश्न १०मधली हिरवी टोळी. तैवानची बांबू युनियन: ती १९४९ नंतर मुख्य भूमीवरून आलेल्या कुटुंबांतल्या पोरांची. ऑक्टोबर १९८४ मध्ये तिच्या माणसांनी कॅलिफोर्नियात पत्रकार हेन्री लिऊचा खून केला आणि हुकूम तैवानच्या लष्करी गुप्तचर प्रमुखाचा निघाला. चेउंग त्झे-केउंग: हाँगकाँगमधल्या अब्जाधीशांच्या मुलांना पळवून एका खेपेला शंभर कोटी हाँगकाँग डॉलरपेक्षा जास्त खंडणी घेणारा, १९९८ मध्ये ग्वांगझूत गोळी घालून मृत्युदंड दिला गेलेला. त्याची टोळी कामापुरती जमवलेली होती.

आणि ग्वान यू या योद्ध्या-देवाची लाल चेहऱ्याची मूर्ती दिसली की ट्रायड, हेही नाही. हाँगकाँगच्या पोलीस ठाण्यांतही तिची पूजा होते. माझगावला डॉकयार्ड रोडजवळ कँटोनीज लोकांचं सी यिप देऊळ आहे. खाली ग्वानयिन, वरच्या मजल्यावर ग्वान कुंग, म्हणजे ग्वान यूच. ते देऊळ चार तालुक्यांतून आलेल्या खलाशांचं, टोळीचं नव्हे.

१८. म्यानमार-कंबोडियातले सायबर फसवणुकीचे अड्डे ट्रायड चालवतात का? आपली मुलंही अडकली होती.

काही ठिकाणी ट्रायडची माणसं आहेत, पण ‘ट्रायड चालवतात’ म्हणणं ढोबळ होईल. तिथे चिनी कॅसिनो-व्यावसायिक, सीमेवरचे सशस्त्र गट आणि स्थानिक बडे लोक यांची भागीदारी असते. सशस्त्र गट जमीन आणि बंदुका देतो, भांडवल चिनी येतं, आणि आत डांबलेली माणसं कुठल्याही देशाची. मकावची जंकेट-व्यवस्था आवळली गेली आणि कोविडने कॅसिनो रिकामे केले, तेव्हा तेच मजले आणि तीच वसुलीची माणसं ऑनलाइन फसवणुकीकडे वळली. थायलंड किंवा दुबईत डेटा एंट्रीची नोकरी सांगून भारतीय तरुणांना नेलं गेलं, त्यात महाराष्ट्रातलेही होते. १० मार्च २०२५ला हवाई दलाच्या विमानाने २८३ भारतीयांना थायलंडमधल्या माय सोतहून परत आणलं.

आता ‘तुटका दात’. सुटल्यावर वान कुओक-कोयने कंबोडियात जागतिक होंगमेन इतिहास-संस्कृती संघटना काढली, त्या नावाने क्रिप्टो नाणंही आणलं. त्याच्या दोंगमेई गटाचं नाव म्यानमारमधल्या म्यावाडीजवळच्या एका ‘औद्योगिक क्षेत्रा’शी जोडलं गेलं. अमेरिकेच्या अर्थखात्याने डिसेंबर २०२०मध्ये त्याच्यावर, त्याच्या गटावर आणि त्या संघटनेवर निर्बंध घातले. प्रश्न ४मधल्या यान यानप्रमाणे तोही होंगमेनचं सदस्यत्वच विकत होता, फक्त आता परदेशांत शाखा आणि सांस्कृतिक संस्थेचं लेटरहेड होतं.